कोपरे आधी

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. बिल्डिंगच्या ग्रुपवर एका पालकाचा मेसेज आला. शाळेने शनिवारी मुलांना आपापला वर्ग झाडायला लावला म्हणे. "एवढी फी भरतो, आमची मुलं काय झाडूवाली आहेत?" खाली अंगठ्यांवर अंगठे. आमचा जिना झाडणाऱ्या मावशी तेव्हा माझ्या दारातच होत्या.

मला अमेरिकेतला कृष्णवर्णीय शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन आठवला. व्हर्जिनियातल्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मलेलं पोर, आई तिथली स्वयंपाकीण. सुटका झाल्यावर मिठाची भट्टी, मग कोळशाची खाण. 1872 साली हॅम्प्टनच्या शाळेसाठी निघाला, पाचशे मैल, मिळेल तसा, बराचसा पायी. रिचमंडमध्ये फळ्यांच्या फुटपाथखाली झोपला. त्या अवताराकडे बघून मुख्य बाई हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. शेवटी म्हणाल्या, शेजारची खोली झाडून काढ. त्याने ती तीनदा झाडली, चारदा पुसली. बाईंनी रुमाल घेऊन भिंतींवर, टेबलावर, बाकांवर घासून बघितला. कणभर धूळ नाही. झाला प्रवेश!

इथे मला आमचे आप्पा दिसतात. बोर्डिंगात राहून, कमवा आणि शिकामधून शिकलेले. मला हॉस्टेलवर सोडायला आले, ट्रंक टेकवली आणि आधी झाडू शोधला. खोलीत नवे मित्र बसलेले. मी हळूच म्हटलं, "आप्पा, राहू द्या ना, माणूस येतो इथे." त्यांनी मानही वर केली नाही. "कोपरे आधी घ्यावेत. मधलं कुणीही झाडतं."

1881 मध्ये अलाबामात टस्कीगीची शाळा काढली तेव्हा बुकर पंचविशीचा होता. तीस विद्यार्थी आणि गळकं छप्पर. पाऊस आला की एखादा मुलगा पुस्तक ठेवून सरांच्या डोक्यावर छत्री धरायचा. इमारतीसाठी विटाही मुलांनीच पाडायच्या. तीन भट्ट्या फसल्या, पैसे संपले, तेव्हा स्वतःचं घड्याळ गहाण टाकून पंधरा डॉलर आणले आणि चौथी भट्टी लावली. 1915 मध्ये ते गेले तेव्हा शंभरावर इमारती आणि दीड हजार विद्यार्थी होते. आपल्या लाडक्या कृषिशास्त्रज्ञ कार्व्हरना 1896 साली तिथे बोलावणारेही हेच.

आणि तिथेही पालकांनी तक्रार केली होती बरं का! पोरांना पुस्तकं शिकायला पाठवलंय, राबायला नाही. पण त्या आईबापांवर मला रागावता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चाबकाखाली राबलेली माणसं ती. काम म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा येणारच. आपल्या ग्रुपवरच्यांच्या पाठीवर कुठला वळ आहे?

गोऱ्यांपुढे बुकर फार नमले, मतदानाच्या हक्कासाठी उघडपणे भांडले नाहीत, हा कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांचा आक्षेप खरा आहे. आणि जात बघून कुणाच्या हाती झाडू दिला तर तो फेकूनच द्यायचा, शंभरदा मान्य. पण इथे अख्खा वर्ग झाडत होता, रोल नंबरप्रमाणे.

एवढं तावातावाने लिहिलं आणि पुन्हा ती हॉस्टेलची खोली आठवली. आप्पांनी केर सुपलीत भरला, बाहेर टाकून आले, हात धुतले आणि माझ्या मित्रांना एकेकाचं नाव, गाव विचारलं. हे माझे वडील, असं मी तोवर त्यांना सांगितलंच नव्हतं.