4544 म्हणजे कट-प्रूफ? तो मेसेज पुढं पाठवायच्या आधी हे वाचा

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे कारखान्यांतल्या कामगारांच्या ग्रुपवर चार दिवस झाले एक मेसेज फिरतोय, की ग्लोव्हजवर 4544 असलं की टॉपचा कट-प्रूफ माल, मध्ये एक्स असला तर तो टेस्टमध्ये फेल झालेला, आणि 4544 घातला की गरम जॉब (ज्याच्यावर काम चाललंय तो तुकडा) धरा नाहीतर चालू मशीनला हात घाला, काही होत नाही. मी फेटलिंगला, म्हणजे ओतीव कास्टिंगच्या धारा घासून साफ करायचं काम करतो, रोज हेच ग्लोव्हज हातात असतात, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे 4544 हा एक आकडाच नाही. हातोड्याच्या चित्राखाली असतात ते चार वेगवेगळे मार्क, पहिला घासण्याचा, दुसरा कटचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. आणि टोचण्याची टेस्ट जाड खिळ्यासारख्या सळईनं होते, बारीक तार चौथ्या लेव्हलच्या ग्लोव्हमधून पण आत जाऊ शकते.

आता कट. 4544 मधला तो 5 येतो गोल ब्लेड पुढं-मागं फिरवून, पण ग्लोव्हमध्ये काचेचा किंवा स्टीलचा धागा असला की ब्लेडच बोथट होतं आणि मार्क उगाच वाढतात. म्हणून 2016 पासून ईएन 388 मध्ये, म्हणजे हे मार्क ज्या युरोपियन स्टँडर्डनं देतात त्याच्यात, दुसरी टेस्ट आली, सरळ ब्लेड, एकच ओढ, किती जोर लावला की कापतं ते बघायचं, आणि त्याचं अक्षर पाचव्या जागी, ए ते एफ. ए म्हणजे कमीत कमी 2 न्यूटन, डी 15, एफ 30. 30 न्यूटन म्हणजे साधारण तीन किलोचा जोर, जोर वाढत गेला की एफ पण कापणारच की, मग प्रूफ कुठलं? एक्सचा अर्थ ती टेस्ट त्याच्यावर केलेली नाही किंवा लागू नाही, एवढाच. कटच्या जागी एक्स आणि शेवटी एफ असलेला ग्लोव्ह पत्र्याच्या धारेला त्या 4544 पेक्षा कितीतरी चांगला असू शकतो, आणि लोक तोच फेल म्हणून दुकानात परत करायलेत.

गरम जॉबचा ह्या नंबराशी संबंधच नाही! त्याला ज्वाळेचं चित्र, उष्णतेचं स्टँडर्ड ईएन 407 बघायचं. कास्टिंगची लाली गेली तरी ते चारशे डिग्रीला असू शकतं, आणि बऱ्याच कट-ग्लोव्हजमधला पॉलिथिलीनचा धागा दीडशेच्या आसपास वितळतो, तो कातडीला चिकटला तर काय होईल विचार करा.

आणि चालू मशीन, हे वाचून तर मला राहवलंच नाही. आमच्या शॉपमध्ये ड्रिलला एका पोराच्या ग्लोव्हचं बोट गुंडाळलं, शेजारच्यानं बटण दाबलं म्हणून करंगळीवर निभावलं, आणि ग्लोव्ह इतका मजबूत की फाटला नाही, हातच आत ओढला. लेथ, ड्रिल, फिरणाऱ्या कशावरही ग्लोव्ह नको, कुठल्याच नंबरचा. जॉब वाईसमध्ये धरा, कीस (कापून निघालेल्या धातूच्या तारा-तुकडे) काढायचा तर मशीन बंद करून हुकानं नाहीतर ब्रशनं काढा, आणि ग्लोव्ह घाला तो जॉब उतरवून धारा हाताळताना.