बोर्ड अडीच किलो, बॅग साडेचार

बर्फावर आपटायची मला भीती वाटत नाही, हाडांना त्याची सवय झालीये. मला भीती वाटते ती चेक-इन काउंटरमागच्या त्या काळ्या रबरी पट्ट्यांच्या पडद्याची. आपली वस्तू सरकत सरकत त्या पडद्याआड गेली की पुढे तिचं काय होतं ते लोडर लोकांनाच ठाऊक, आणि मग आपण विमानात खिडकीपाशी बसून खाली बघत राहतो की ती ट्रॉलीवरची आपलीच आहे का, ते तिला चढवतायत की भिरकावतायत, आणि खिडकीची सीट मुद्दाम पैसे भरून कशाला घेतली असं होतं.

तर माझ्याकडे स्नोबोर्ड आहे. पुण्यात राहून. हो, माहितीये. पुण्यात बर्फ फक्त उसाच्या रसात असतो हे मला मामेभावापासून बँकेतल्या माणसापर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. गुलमर्गला भाड्याच्या बोर्डवर शिकले, तिथेच बिघडले, आणि मग कॅनडाहून कायमची परत येणाऱ्या एका मैत्रिणीकडून तिचा जुना 148 सेंटीमीटरचा बोर्ड विकत घेतला. तिने तो दोन रजयांमध्ये गुंडाळून, वर पॅकिंगची टेप मारून आणला होता आणि त्याला एक ओरखडा नव्हता. यातून काय ते समजून घ्यायला हवं होतं असं आईचं म्हणणं आहे. मी तिकडे लक्ष देत नाही.

बोर्ड म्हणजे दिसायला नुसती फळी, पण आत लाकडाचा गाभा, वरखाली फायबरग्लास, तळाला मेण लावायचं गुळगुळीत प्लास्टिक आणि सगळ्या कडेने स्टीलची धार. ही धार म्हणजे खरी डोकेदुखी. ती बाहेरून ठोकर लागून चेपते आणि मग बर्फ नीट पकडत नाही, आणि चेपली नाही तर आतून बॅगेचं कापड कापत बसते. म्हणजे बॅग शिवायची ती बोर्डला जगापासून वाचवायला आणि जगाला बोर्डपासून, दोन्हीसाठी. तयार बॅगा मिळतात, परदेशी, पण मला हव्या त्या साइझची सापडेना, सापडली ती 166 ची, तिच्यात माझा बोर्ड आतल्या आत फेऱ्या मारणार, शिवाय किमतीवर कुरियर आणि वर कस्टम ड्यूटी, त्यात माझं गुलमर्गचं तिकीट निघालं असतं.

मग कुणीतरी रविवार पेठेतल्या एका काकांचं नाव सुचवलं. काका तबल्याच्या, पेटीच्या, तंबोऱ्याच्या गवसण्या शिवतात, क्रिकेटच्या किट बॅगा शिवतात. मिरजेहून नवा तंबोरा घेऊन आलेली माणसं आधी त्यांच्याकडे गवसणी टाकतात आणि मग घरी जातात, असं ते स्वतः सांगतात. विमानाने हिंडणाऱ्या गवयांचे तंबोरे त्यांनी फोममध्ये असे बसवलेत म्हणे की खुंटी हलत नाही. मी बोर्ड काउंटरवर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बोटाची नखं बोर्डवर वाजवून बघितली (खरंच, सूर बघितल्यासारखी), आणि विचारलं, "ताई, याच्यावर करता काय?"

"उभं राहून बर्फावरून घसरायचं."

"पाय?"

"दोन्ही बांधलेले असतात. या फळीला."

"आणि पडलं की?"

"पडायचंच असतं काका."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तंबोऱ्याचा भोपळा जपायला लागतो हो, ही फळी ट्रकखाली घातली तरी काय होणारे." पण गिऱ्हाईक समोर आलंय म्हटल्यावर त्यांनी टेप काढला. सव्वाअठ्ठावन्न इंच, असं वहीत लिहिलं, शेजारी एक फळीचं चित्र काढलं आणि चित्राला दोन पाय काढले.

इथून पुढे जे झालं ते पायरीपायरीने झालं आणि प्रत्येक पायरी अगदी शहाणपणाची होती, हे मला आजही कुणापुढेही सांगता येईल. कापड हजार डेनिअरचं (म्हणजे जाड धाग्याचं) घ्यायचं, कारण सहाशेचं घासून जातं. फोम 10 एमएमचा ईपीई, पॅकिंगला वापरतात तो. काका म्हणाले टोकांना डबल घालू, आदळते ती टोकंच. पण फोम आत माप खातो, हे शिवणाऱ्यालाच कळतं, आपण बाहेरून बोर्डचं माप देऊन मोकळे होतो आणि मग तयार बॅगेत बोर्ड जाईना म्हणून रडत बसतो, म्हणून त्यांनी सगळीकडून दोन इंच लूज धरलं. टोकांना आतून रेक्झिनचा जाड पट्टा, धारेने अस्तर फाटू नये म्हणून. बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला बांधायचं ते, काढून न्यायचं तर त्याला वेगळा कप्पा, बूट ओले येणार तर त्यांना वेगळा कप्पा, त्याला जाळी. चेन वायकेकेची 10 नंबरची, दोन रनर, समोरासमोर येणारे, कुलूप लावायला. बॅग उचलायची कशी, तर खांद्याला पट्टा. पट्टा तुटू नये म्हणून निवार पट्टी पूर्ण बॅगेला खालून फिरवून आणायची आणि जिथे जिथे हँडल तिथे चौकोनात फुली मारून शिलाई. आता एवढी बॅग खांद्यावर घेववणार नाही म्हणून चाकं. चाकं लावायची तर नुसत्या कापडाला लागत नाहीत, खाली कडक प्लास्टिकची शीट पाहिजे. शीट घातली की तिचा कोपरा आतून बोर्डला लागणार. मग शीटवर फोम.

ट्रायलला गेले तर ती बॅग दुकानाबाहेर हुकाला टांगलेली होती आणि पेठेतले दोन आजोबा तिच्याकडे बघत उभे होते. काकांनी अभिमानाने वजन केलं. रिकामी बॅग साडेचार किलो. बोर्ड अडीच.

"मजबूत झालीये," काका म्हणाले. त्यात शंकाच नव्हती.

आता डोमेस्टिकचं गणित बघा. 15 किलो मिळतात. बॅग साडेचार, बोर्ड अडीच, बाइंडिंगची जोडी पावणेदोन, बूट दोन. उरले सव्वाचार किलो, त्यात हेल्मेट, पँट, थर्मल, ग्लव्ह्ज, मेणाचा ठोकळा, स्क्रू-ड्रायव्हर आणि आईने "आत एवढी जागा आहे की" म्हणून कोंबलेला चिवडा. जॅकेट कुठेच बसलं नाही. म्हणून फेब्रुवारीतल्या भर दुपारी, पुण्यात बत्तीस डिग्रीला, मी बर्फाचं जॅकेट अंगात घालून सोसायटीच्या लिफ्टमध्ये उभी होते. बॅग माझ्याहून जेमतेम दीड बोट बुटकी. चौथ्या मजल्यावरच्या काकू आत आल्या, आधी जॅकेटकडे बघितलं, मग बॅगेकडे, आणि म्हणाल्या, "इस्त्रीचं टेबल का गं? कुठून घेतलंस, चांगलं कव्हर आहे." मी हो म्हटलं. चार मजल्यांत स्नोबोर्ड समजावून सांगणं शक्य नसतं.

कॅबमध्ये बॅग घालायची एकच पद्धत आहे, पुढची सीट आडवी करून. मग बॅगेचं टोक ड्रायव्हरच्या शेजारी काचेपाशी येतं आणि गियर बदलला की त्याचं कोपर तिच्या फोमवर टेकतं. त्याला ते आवडलं. लोहगावपर्यंत तो निवांत कोपर टेकून आला, आणि मी मागे, जॅकेटात.

काउंटरवरच्या मुलीने बॅगेकडे बघून टेप मागवला. मला धीर होता, कारण नियम मी वाचून आले होते, 158 सेंटीमीटर. बोर्ड 148. दहा शिल्लक. तर ती गोड हसून म्हणाली, "मॅम, लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही मिळून 158." म्हणजे ज्या माणसाने हा नियम केला त्याच्या हिशेबाने नुसता बोर्ड धरला तरी रुंदी आणि उंची मिळून दहा सेंटीमीटर असायला हवी होती. एवढ्यात फूटपट्टी बसते. बरं, स्पोर्ट्स इक्विपमेंट म्हणून वेगळे पैसे भरले, आणि मग तिने एक टॅग पुढे केला, इथे सही करा. लिमिटेड रिलीज. सामान नाजूक आहे, वाटेत तुटलंफुटलं तर कंपनी जबाबदार नाही. मी म्हटलं अहो, यात टोकांना डबल फोम आहे. ती म्हणाली, "हो मॅम, इथे सही." काकांनी आठवडाभर खपून बसवलेल्या त्या फोमवर तिने लाल रंगाचा 'फ्रॅजाइल' स्टिकर थापला, आणि बॅग नेहमीच्या पट्ट्यावर न जाता ओव्हरसाइझच्या खिडकीकडे गेली, तिथे एका माणसाने ती चाकं वर आणि हँडल खाली धरून ओढत नेली.

श्रीनगरला बॅग आली. धडधाकट. मी बेल्टपाशीच चेन उघडून बोटाने सगळी धार फिरून बघितली, लोक बघत होते, बघू देत. पुढे गुलमर्गच्या पायथ्याशी टंगमर्गला गाडी बदलायची असते, वरती बर्फ असला की आपली नेहमीची टॅक्सी तेरा किलोमीटरचा घाट चढत नाही, चाकांना साखळ्या लावलेली तिथली गाडी घ्यावी लागते, आणि ड्रायव्हरने बॅग टपावर टाकली आणि वरून दुसऱ्या कुणाच्या तरी दोन पोलादी ट्रंका बांधल्या. मी तोंड उघडलं. तो म्हणाला, "मैडम, इसमें तो गद्दा है, कुछ नहीं होगा."

आणि आता तो प्रसंग, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. गाडीने गुलमर्गच्या स्टँडला सोडलं. हॉटेल आत, रस्ता बर्फाखाली. माझी चाकं, ज्यांच्यासाठी शीट आणि शीटसाठी फोम, ती बर्फात इंचभर रुतली आणि फिरायचीच थांबली. मी बॅग ओढतीये, बॅग नांगरासारखी चर पाडत येतीये. तेवढ्यात फेरन (काश्मिरी लांब झगा) घातलेला एक स्लेजवाला आला. गुलमर्गला ही लाकडी ढकलगाडीसारखी स्लेज असते, टुरिस्टला बसवून दोरीने ओढतात. भाव ठरला, त्याने बॅग आडवी टाकली, दोरी खांद्यावर घेतली आणि निघाला. चार पावलांवर त्याने विचारलं अंदर क्या है. स्नोबोर्ड, मी म्हटलं. तो थांबला. बॅगेकडे बघितलं, खाली स्लेजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ये तो खुद ही फिसलता है ना?"

मी काय बोलणार. बर्फावरून घसरण्यासाठीच जन्माला आलेली वस्तू दहा एमएम फोममध्ये झोपून दुसऱ्या घसरणाऱ्या वस्तूवर बसून चालली होती आणि तिच्यामागून मी बुटात बर्फ घेत. आठवलं ते असं, की 1965 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकांना जोडून स्नोबोर्डची पूर्वज अशी एक फळी केली, तिचं नाव स्नर्फर, तर त्या फळीला पुढे एक दोरी होती. धरायला आणि वळवायला. पण ती दोरी हातात घेतली की फळी मागून मुकाट्याने येत असणार, बॅग नाही, टॅग नाही, सही नाही. नंतरच्या हुशार लोकांनी दोरी काढून टाकली.

तिथली पोरं बोर्ड नागडेच खांद्यावर टाकून फिरतात. त्यांच्या बोर्डवरची चित्रं केव्हाच गेलीत, धारेला गंज, आणि गंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यावरून अफरवट डोंगराच्या उतारावर ती माझ्यासमोरून अशी जातात की आपण बोर्डला तेल-मेण करतो ते कुणासाठी असा प्रश्न पडतो. त्यांच्यातल्या एकाला मी बॅग दाखवली. त्याने कप्पे बघितले, चेन मागेपुढे केली, मनापासून "बहुत बढ़िया" म्हणाला आणि विचारलं यात झोपता येतं का.

त्या वर्षी बर्फ उशिरा आणि बेताचाच. (2024 च्या जानेवारीत तर गुलमर्ग जवळजवळ कोरडंच होतं, फोटो फिरले होते सगळीकडे, त्यामानाने आमचं बरं.) वरून पांढरं शुभ्र, खाली दगड. दुसऱ्याच उतारावर खर्रर्र असा आवाज आला जो दातांत ऐकू येतो. बोर्ड उलटा करून बघितला तर तळाला वीतभर लांब चर, आत लाकूड दिसतंय. पुणे, दिल्ली, श्रीनगर, टंगमर्ग, पोलादी ट्रंका, एवढं सगळं पार करून आलेला बोर्ड, आणि ज्या कामासाठी आणला ते काम करताना फुटला. याला कुठला फोम लावायचा सांगा.

परत येताना श्रीनगर एअरपोर्टला टर्मिनलच्या बरंच आधी गाडीतून उतरवून सगळं सामान एक्स-रेला लावतात. बॅग थांबली. जवानाने बोट दाखवलं, खोला. मेणाचा ठोकळा. त्याने तो नाकाशी नेला. "साबुन?" मी म्हटलं वॅक्स, बोर्डला खालून लावतात, म्हणजे छान घसरतो. त्याने उरलेला चिवड्याचा डबाही उघडून बघितला, तो मात्र न विचारता बंद केला. मग सगळं परत भरायचं, आणि भरताना कळलं की बॅग जड झालीये. बोर्डला चिकटलेला बर्फ रात्रभर आत वितळला होता, सगळं पाणी अस्तरातून झिरपून फोमच्या आणि कापडाच्या मधे जाऊन बसलेलं. वजन काट्यावर दीड किलो जास्त. मी जॅकेट घातलं, त्याच्या खिशांत ग्लव्ह्ज, मोजे आणि बाइंडिंगचे आठ स्क्रू भरले, बूट लेस बांधून गळ्यात अडकवले. दिल्लीला सिक्युरिटीत ते स्क्रू वाजले. तो भाग सोडून देऊ.

हे गादीचं प्रकरण कुणी सांगत नाही. फोमवाली बॅग आतून वाळत नाही. बोर्ड तसाच आत ठेवला तर धारेवर आठवड्यात नारिंगी ठिपके येतात, आणि बॅग तशीच बंद ठेवली तर तिला जो वास येतो तो घरातल्या सगळ्यांना येतो. म्हणून बोर्ड सध्या माझ्या कपाटामागे पुसून, धारेला तेल लावून उभा, आणि बॅग चारी चेन उघडून, कप्पे उलटे करून बाल्कनीच्या कठड्यावर पसरलेली. काकांना फोन केला, अस्तर उसवून फोम वाळवता येईल का. ते म्हणाले उसवायला कशाला, पुढच्या बॅगेला खाली पाण्यासाठी भोकं ठेवू, वर पितळी रिंगा बसवू, छान दिसतील. वजन किती वाढेल विचारलं तर म्हणाले किरकोळ.

काल सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आलाय, सी विंगमध्ये दर्शनी बाजूला कुणीतरी गादी वाळत घातली आहे, नियमाप्रमाणे ती त्वरित काढावी. त्या मेसेजखाली चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलंय की गादी नाही, ते इस्त्रीच्या टेबलाचं कव्हर आहे. त्यावर अकरा अंगठे आलेत आणि एकाने लिंक मागितलीये.