घरोट की जातं? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा माझी चूक दिसली. बहिणाबाई चौधरींवरच्या लेखात तुम्ही मला दोन ठिकाणी धरलंय. त्यांच्या बोलीला मी सरसकट ‘अहिराणी’ म्हटलं, ही पहिली तक्रार. दुसरी अशी, की शाळेची पायरी न चढलेली बाई असं रचूच शकत नाही. सोपानदेवांनीच लिहून आईच्या नावावर खपवलं.

पहिली तक्रार शंभर टक्के मान्य. मी धुळ्याकडचा. आमच्या घरात ‘तुनं नाव काय शे?’ असं विचारतात, त्यामुळे तापीकाठी जे जे बोललं जातं ते अहिराणीच, असा लहानपणापासूनचा समज. पण बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या, दिल्या जळगावात. त्यांची बोली लेवा गणबोली. आमच्या ‘शे’चा तिथे पत्ता नाही. आम्ही ‘घरनी’, ‘वावरनी’ म्हणतो. त्यांच्या कवितेत ‘ची’ येते. ‘माले’, ‘तुले’ तेवढं दोन्हीकडे सारखं, तिथेच मी फसलो. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने ओव्या ऐकून कागदावर उतरवल्या, हे कुणीच लपवलेलं नाही. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेव ती वही घेऊन आचार्य अत्र्यांकडे गेले तेही संकोचतच. अत्रे म्हणाले, हे तर बावनकशी सोनं! 1952 साली पुस्तक आलं. आई गेल्यावरच का छापलं, हा तुमचा संशय या संकोचातच विरघळतो. मुलगा स्वतः नावाजलेला कवी, त्याची स्वतःची कविता प्रमाण मराठीतली. आईच्या ओव्या बाहेर काढायला तो बिचकत होता, एवढंच.

आणि ‘घरोट’ (म्हणजे दळायचं जातंच) ही कविता घ्या. त्यात त्या विचारतात, ज्याच्यातून पीठ येतं त्याला ‘जातं’ म्हणायचं तरी कसं? हा श्लेष टेबलाशी बसून सुचेल? सुचेलही एखाद्याला. पण पहाटे एका हाताने खुंटा फिरवत, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे वैरत, पाळीतून पीठ सांडताना रोज बघणाऱ्या बाईला तो सहज सापडतो. तिच्या घरात त्याला घरोटच म्हणत. ‘जातं’ हा तिच्या कानाला दुसऱ्यांचा शब्द. म्हणून तर तो तिला खटकला. ज्याने लहानपणापासून पुस्तकात ‘जातं’च वाचलंय, त्याला त्यात खटकण्यासारखं काय दिसणार? (मला तरी ही कविता वाचेपर्यंत दिसलं नव्हतं, आणि मी मराठीचा एम.ए. आहे.)

राहता राहिला निरक्षरतेचा मुद्दा. ओवी पाठ राहते ती फिरणाऱ्या घरोटाच्या ठेक्यावर. तिला वही लागत नाही.

तुम्हीच प्रतिक्रियेच्या शेवटी अभिमानाने लिहिलंय, की यावलकडे तुमच्या आईला शंभरेक ओव्या तोंडपाठ आहेत, त्यातल्या निम्म्या तिने स्वतः जोडलेल्या, आणि ती आजही अंगठाच लावते. त्या ओव्या तिला कुणी लिहून दिल्या होत्या, एवढं तिला विचारून कळवाल का?