सकाळी ६:४० ला आमचं हेलिकॉप्टर उडत नाही, सर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री मी वाचला, मग बायकोनेही वाचला. आईंना त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. वयस्कर माणसाला असा आवाज सोसत नाही. माझे वडील दिवाळीत कानात कापूस घालून बसायचे.

पण तुम्ही लिहिलंय, "रविवारी सकाळी ६:४० ला यांचं हेलिकॉप्टर गच्चीला घासून गेलं, काचा थरथरल्या, आईचं बीपी वाढलं." सर, जुहूहून आमची जॉयराईडची, म्हणजे हौसेने आकाशातून फिरवून आणायची, पहिली फेरी साडेनऊची. त्याआधी प्रत्येक प्रवाशाचं वजन, ओळखपत्र, सिक्युरिटी हे सगळं व्हायचं असतं. ६:४० ला आमचा काउंटरवरचा मुलगा विरारला गाडीतसुद्धा चढलेला नसतो. जुहूहून बॉम्बे हायच्या, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींच्या, फलाटांवर माणसं नेणारी हेलिकॉप्टरं उडतात, कंपन्यांची उडतात, पुढाऱ्यांची उडतात. नकाशावर फोटोसकट बोर्ड मात्र आमचा दिसतो, म्हणून एक तारा आमच्या वाट्याला.

तरी मी ऑपरेटरकडून त्या दिवसाच्या नोंदी मागवल्या. (हेलिकॉप्टर आमचं नाही. परवानाधारक ऑपरेटरकडून तासाच्या हिशेबाने घेतो, हे बुकिंगच्या पानावर लिहिलेलं आहे.) चार फेऱ्या झाल्या, चारही समुद्रावरून सी लिंकपर्यंत आणि परत. चौथी फेरी ११:१० ला परतताना एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाने) थांबायला सांगितलं आणि पायलटला तुमच्या बाजूला दोन गिरक्या घ्याव्या लागल्या. तो आवाज आमचा, मान्य. पण ११:१० आणि ६:४० यांत फरक आहे की नाही, तुम्हीच सांगा.

उंचीबद्दल. दाट वस्तीवरून जाताना ६०० मीटरच्या परिघातल्या सगळ्यात उंच इमारतीच्याही वर १,००० फूट, असा नियम आहे. चढता-उतरताना तो लागू नसतो, आणि तुमची इमारत नेमकी उतरायच्या वाटेजवळ. वर सांताक्रूझच्या मोठ्या विमानांची वाट, त्यामुळे पायलटला मनाला येईल तितकं वर राहता येत नाही. आणि उतरतानाच आवाज जास्त होतो, कारण पाती आपणच मागे टाकलेल्या हवेच्या भोवऱ्यांतून कापत जातात. तो फट-फट-फट येतो तो त्याचा. इंजिन बिघडलं म्हणून नव्हे.

रिव्ह्यूत आरे आणि बावधनच्या हेलिकॉप्टर अपघातांची नावं घेतलीत, ते मला लागलं. ११ डिसेंबर २०१६ ला आरे कॉलनीत पडलं ते जॉयराईडचंच हेलिकॉप्टर होतं, एका इंजिनाचं. आम्ही पहिल्या दिवसापासून दोन इंजिनांचंच घेतो, म्हणून आमचं तिकीट महाग, आणि त्यावरूनही लोक बोलतात. आता पुण्याजवळ बावधनला २ ऑक्टोबर २०२४ ला पडलं ते दोन इंजिनांचंच होतं, सकाळच्या धुक्यात, जुहूलाच यायला निघालेलं. त्यामुळे छातीठोकपणे काही बोलत नाही. दृश्यमानता कमी असली की आम्ही फेरी रद्द करतो आणि पैसे परत देतो, एवढंच आमच्या हातात आहे.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो. जानेवारीत तुम्ही स्वतः आमच्याकडे आला होतात, चौघं. तेव्हा पायलटला म्हणालात, "आमच्या बिल्डिंगवरून एक चक्कर मारा ना, आई गच्चीवर उभी आहे, हात हलवणार आहे." पायलटने नाही म्हटलं, कारण खाली लोक राहतात. परत आल्यावर त्याच कारणासाठी काउंटरवर ५०० रुपये परत मागितलेत आणि बायकोने वाद नको म्हणून दिले. त्याच आई ना, सर?

जुहूचा विमानतळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. आजूबाजूचे टॉवर नंतर आले. हे बोलू नये, राहणाऱ्याला झोप हवीच, पण तुमच्या रिव्ह्यूत "श्रीमंतांचे चोचले" वाचून राहवलं नाही. आमचे बहुतेक प्रवासी आईवडिलांची साठी, लग्नाचा वाढदिवस असं काहीतरी घेऊन येतात, कित्येक जण पैसे साठवून. पावसाळ्यात आमचं काम जवळजवळ बंद असतं, भाडं चालू असतं. तुमच्या रिव्ह्यूनंतर दोन बुकिंगं रद्द झाली.

रविवारच्या फेऱ्यांचं काय करता येईल ते ऑपरेटरशी बोलतोय. फोन उचलला नाही म्हणालात, तो आता भाचा बघेल.

ऑफिसला या, चहा घ्या, त्या दिवसाच्या नोंदींची झेरॉक्स काढून ठेवली आहे. तारा एकच राहू द्या हवं तर, पण ६:४० तेवढं बदला. आईंना नमस्कार सांगा.