‘फोर बाय फोर आहे, मग विंटर टायर कशाला?’ : त्या फॉरवर्डला उत्तर

ऑक्टोबर लागला की कॅनडातल्या कॅलगरी-एडमंटनकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. ट्रक, म्हणजे इथला पिकअप, फोर बाय फोर असेल तर विंटर टायर ही दुकानदारांची टूम आहे. टायरवर ‘एम प्लस एस’ लिहिलंय म्हणजे तो बर्फाचाच. नक्षी जितकी रांगडी आणि टायर जितका रुंद तितकी पकड जास्त. हवा जरा कमीच ठेवा. फारच वाटलं तर मागचे दोन टायर बदला आणि हौद्यात वाळूच्या गोण्या टाका. शेवटी टाळ्या घेणारं वाक्य: ‘वरंधा घाटात भर पावसात गाडी चालवलेली माणसं आपण, आपल्याला बर्फाची काय भीती!’

फोर बाय फोरपासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. फोर बाय फोर इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटून देतं, एवढंच त्याचं काम. सिग्नल सुटल्यावर शेजारची कार जागच्या जागी चाकं फिरवत असते आणि आपला ट्रक सरळ निघून जातो, तो यामुळे. पण ब्रेक तर अगदी साध्या कारलासुद्धा चारही चाकांना असतात. थांबताना तुमच्याकडे जास्तीचं काहीच नसतं, उलट दोन टनांहून जड धूड थांबवायचं असतं. आणि गाडी इतकी सहज निघते, की रस्ता किती निसरडा आहे हे पहिला ब्रेक दाबेपर्यंत कळतच नाही. एबीएसचंही, म्हणजे ब्रेकच्या त्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचंही, तसंच: ते चाक जाम होऊ देत नाही, पण नसलेली पकड कुठून आणणार?

आता एम प्लस एस. मड आणि स्नो. हा शिक्का टायरच्या खाचांची रचना आणि त्यांतली मोकळी जागा बघून मिळतो, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. म्हणून पिकअपला कंपनीतून येणाऱ्या बहुतेक ऑल-सीझन टायरांवर तो असतोच. बघायचं असतं ते दुसरं चिन्ह: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. हे १९९९ पासून आलं, आणि त्यासाठी टायरला दाबलेल्या स्नोवर, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत बर्फावर, ठरलेल्या तुलनेच्या टायरपेक्षा निदान दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते. मात्र ही परीक्षाही गाडी पुढे ओढण्याचीच आहे. ब्रेक, वळण आणि आइस, म्हणजे पाणी गोठून झालेला कडक बर्फ, तिच्यात नाहीत. त्यामुळे डोंगराचं चिन्ह असलेला ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या सगळ्या रस्त्यांसाठीचा टायर, आणि खास विंटर टायर शिक्क्याने सारखे दिसले, तरी आइसवर सारखे नसतात.

‘पण सरकारच एम प्लस एस चालवून घेतं ना?’ ब्रिटिश कोलंबियात घेतं, हे खरं. तिथल्या ठरवून दिलेल्या डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून एम प्लस एस किंवा डोंगरचिन्ह, आणि नक्षी कमीत कमी ३.५ मिलिमीटर खोल, असा नियम आहे. क्वेबेकमध्ये मात्र १ डिसेंबर ते १५ मार्च नुसतं एम प्लस एस चालत नाही. कायदा दंडापासून वाचवतो. ब्रिटिश कोलंबियातल्या डोंगरी कोक्विहाला हायवेच्या उतारावर गाडी आडवी झाली, तर तो उपयोगी पडत नाही.

खरा फरक रबरात आहे. तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेलं, की उन्हाळ्यासाठी बनवलेलं रबर ताठ व्हायला लागतं. ऑल-सीझनचंही तेच होतं, फक्त जरा उशिरा. विंटर टायरचं रबर उणे पंचवीसलाही लवचिक राहील असं बनवलेलं असतं. गॅरेजमध्ये दोन्ही टायर शेजारी ठेवून अंगठ्याचं नख दाबून बघा. मग विंटर टायरच्या गुट्ट्या, म्हणजे नक्षीतले रबराचे उंच ठोकळे, बोटांनी हलवून बघा: प्रत्येक गुट्टीवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा दिसतील. आइसवर पकड देतात त्या या चिरांच्या कडा. मेसेजमधल्या रांगड्या नक्षीच्या, म्हणजे मड टायरच्या मोठाल्या गुट्ट्यांवर अशा चिरा जवळपास नसतात. चिखलात तो राजा, ताज्या खोल स्नोतही ठीक, पण गुळगुळीत आइसवर ते रांगडेपण काही कामाचं नाही.

रुंदीचंही उलटंच आहे. अरुंद टायर स्नो कापून खाली टेकतो, रुंद टायर तिच्यावर तरंगतो. म्हणून १८ इंची रिमवर २७५ चा, म्हणजे २७५ मिलिमीटर रुंदीचा, टायर असेल, तर हिवाळ्यासाठी १७ इंचीवर २६५ चा घेणारे पुष्कळ आहेत. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो. फक्त लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरवर, म्हणजे चाकाच्या आतल्या ब्रेकच्या पकडीवर, न घासता बसते का, हे आधी विचारा. आणि जड ट्रकला एलटी (लाइट ट्रक) मापाचे टायर असतील, तर स्वस्त मिळाले म्हणून कारच्या वर्गातले विंटर टायर चढवू नका. ट्रेलर ओढताना वजन त्यांनाच पेलायचं असतं.

हवा कमी ठेवण्याचा सल्ला शेतातल्या खोल स्नोत, बैलगाडीच्या वेगाने जाताना बरोबर आहे. हायवेवर नाही. शिवाय थंडी हवा आपणहूनच कमी करते, दर साडेपाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). पंधरा अंशांना ३५ भरलेला टायर उणे पंचवीसला २८ वर येतो. त्यातून अजून काढायची? दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा गार टायरला भरा.

मागचे दोनच बदलले, तर मागची चाकं रस्ता धरतात आणि पुढची स्टिअरिंगचं ऐकत नाहीत. पुढचेच बदलले तर ब्रेक मारताना मागची बाजू पुढे यायला बघते. चारही बदला, विषय संपला. वाळूच्या गोण्यांचा सल्ला मात्र चांगला आहे, मेसेजमधला बहुधा एकमेव. रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते. गोण्या मागच्या ॲक्सलवर किंवा किंचित पुढे ठेवा आणि बांधा. शेवटच्या फाळक्याला टेकवल्या, तर पुढची चाकं हलकी होतात. पण वजन म्हणजे टायर नव्हे. ते थांबवायलाही लागतं.

राहिला घाट. पावसात खाली डांबर असतं आणि टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकतात. आइसवर खाली डांबर नाही, आणि पाण्याचा पापुद्रा आइसच्याच पृष्ठभागावर असतो. शून्याच्या आसपास तो सगळ्यात वाईट असतो; उणे वीसचा आइस त्यामानाने कमी निसरडा. कॅलगरीत शिनूक, म्हणजे डोंगरांवरून येणारा ऊबदार वारा सुटला, की दुपारी सगळं वितळतं, लोक जॅकेट काढून फिरतात, आणि रात्री तेच पाणी डांबरावर गोठून ब्लॅक आइस, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पातळ थर, होतं. लोकांचा धीर वाढतो तोही नेमका याच दिवसांत. घाटातला अनुभव इथे वाया जात नाही: वेग आधीच कमी करा, अंतर ठेवा. पण तो टायरची जागा घेत नाही.

पैशांचं म्हणाल, तर विंटर टायर चढले की उन्हाळ्याचे झिजायचे थांबतात, म्हणजे दोन्ही जोड जास्त वर्षं टिकतात. ऑंटारिओत विमा कंपन्यांना विंटर टायरवर सवलत द्यावीच लागते. इतर प्रांतांत एजंटला विचारा. जुने घ्यायचे असतील, तर साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, डॉट (DOT) या अक्षरांपुढच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: ४२१९ म्हणजे २०१९ चा बेचाळिसावा आठवडा. नक्षीची खोली चार मिलिमीटरवर आली असेल, तर तो टायर हिवाळ्यापुरता संपला, मग विकणारा तो ‘एकच सीझन वापरलाय’ म्हणून कितीही सांगो.