पिंजऱ्यातला वाघ खरंच सुखात असतो का?

मे महिन्याची सुट्टी लागली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. आमच्या घरच्या ग्रुपवर यंदा तो तिघांनी टाकला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जंगलात वाघ उपाशी मरतो, जखमा चिघळून मरतो. प्राणिसंग्रहालयात त्याला रोज आयतं मटण आणि दिमतीला डॉक्टर, म्हणून तो दुप्पट जगतो. पिंजऱ्यातच जन्मलेल्याला जंगल ठाऊक नसतं, मग त्याला आठवण कसली? प्राणिसंग्रहालयं नसती तर कितीतरी प्राणी नामशेष झाले असते. आणि मुलांना प्राण्यांची माया लागते ती तिथेच.

मी लहानपणापासून राणीच्या बागेत जाते, अजूनही जाते. प्राणिसंग्रहालयं सरसकट बंद करा, असं माझं म्हणणं नाही. पण या मेसेजमध्ये खऱ्यात खोटं असं कालवलंय की वाचणारा निर्धास्त होतो आणि पिंजऱ्यासमोर उभा राहूनही आत बघत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी आयतं मटण. रोज मिळतं हेच मुळात चूक. आपल्याकडच्या बहुतेक प्राणिसंग्रहालयांत वाघ-बिबट्यांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो, आणि तो त्यांच्या भल्यासाठीच असतो. जंगलात वाघ मोठी शिकार साधली की पोटभर खातो आणि पुढे काही दिवस निभावतो. त्याचा सगळा दिवस शिकारीभोवती बांधलेला असतो: वास काढणं, दबा धरणं, झडप हुकणं, पुन्हा दबा धरणं. समोर आणून टाकलेलं मांस थोड्या वेळात संपतं. मग उरलेल्या दिवसाचं त्यानं काय करायचं? उंदरांवरचे जुने प्रयोग आहेत. शेजारी दाण्यांनी भरलेली वाटी असतानाही उंदीर कळ दाबून दाणे मिळवत बसतात. खटपट ही त्यांचीसुद्धा गरज असते. आणि डॉक्टर असले तरी बंदिवासाचे धोके वेगळेच असतात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यातल्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, कारण निघालं बर्ड फ्लू.

आता दुप्पट आयुष्य. इथे मेसेजमध्ये बरंच तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. २०१६ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पन्नासहून अधिक जातींची तुलना प्रसिद्ध झाली. त्यातल्या पाचापैकी चारांहून जास्त जाती जंगलापेक्षा प्राणिसंग्रहालयात अधिक जगतात, असं दिसलं. मात्र हा फायदा सगळ्यांत जास्त मिळतो तो मुळातच अल्पायुषी, झटपट वाढणाऱ्या जातींना.

हत्तीचं चित्र नेमकं उलटं आहे. २००८ च्या एका अभ्यासात युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांची साडेचार हजारांहून अधिक हत्तींची नोंद तपासली गेली. तिथे जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणींचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्म्या हत्तिणी ज्या वयाच्या आत गेल्या ते वय, निघालं सुमारे १७ वर्षं. केनियातल्या अंबोसेलीत, माणसानं मारलेल्या सोडून, ते ५६ वर्षं होतं. म्यानमारमध्ये लाकूड ओढण्याच्या कामावर राबणाऱ्या आशियाई हत्तिणीसुद्धा प्राणिसंग्रहालयातल्या बहिणींपेक्षा दुपटीहून जास्त जगत होत्या. राबणारी हत्तीण जास्त जगते आणि आयतं खाणारी लवकर जाते, यातच पहिल्या मुद्द्याचंही उत्तर आलं.

आपल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं २००९ मध्येच हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवून हत्तींच्या छावण्यांत न्यायला सांगितलं होतं. तरीही दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातला शंकर हत्ती तिथेच राहिला. झिम्बाब्वेनं तो १९९८ मध्ये भेट म्हणून दिलेला, माजी राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मांवरून त्याचं नाव ठेवलेलं. जोडीदारीण गेल्यावर हा आफ्रिकी हत्ती अनेक वर्षं एकटा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो गेला तेव्हा तो २९ वर्षांचा होता. हत्ती कळपात जन्मतो, वाढतो. बछड्याला मावश्या-आज्या सांभाळतात. शंकरला डॉक्टर होता, चारा होता, छप्पर होतं. हत्ती मात्र कुणी नव्हता.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खुपतो: पिंजऱ्यात जन्मला, त्याला जंगल काय माहीत. एका प्राणिसंग्रहालयात मी एका बिबट्यासमोर जवळजवळ अर्धा तास उभी होते. जाळीच्या कडेनं गवत झिजून वीतभर रुंदीची वाट पडली होती. आठ पावलं, कोपऱ्यातल्या त्याच खांबाशी मान डावीकडे, वळण, आठ पावलं. दर वेळी उजवा खांदा जाळीला त्याच जागी घासत होता, तिथले केस गेले होते. लोक म्हणत होते, बघ, कसा ऐटीत फिरतोय.

ती ऐट नाही. २००३ च्या एका अभ्यासात मांसाहारी प्राण्यांच्या जाती तपासल्या, तेव्हा ज्यांचा जंगलातला वावराचा टापू जितका मोठा, तितक्या बंदिवासात त्यांच्या येरझारा जास्त आणि तितकी पिल्लंही जास्त मरतात, असं आढळलं. ध्रुवीय अस्वलाला मिळणारी जागा त्याच्या निसर्गातल्या किमान टापूच्या साधारण दहा लाखावा भाग होती. जंगल पाहिलेलं नसलं तरी ती चाल अंगात असतेच.

बिबट्याच्या अंगात किती चाल असते, हे आपल्याला इथलंच एक जनावर दाखवून गेलं. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या बिबट्याला काढून, गळ्यात ठावठिकाणा कळवणारी कॉलर बांधून माळशेज घाटात सोडलं होतं. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेयांच्या चमूनं त्याला ‘आजोबा’ म्हटलं. महिनाभरात तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाशी पोचला. दोन वर्षांनी तो महामार्गावर गाडीखाली मेला. मेसेजवाले म्हणतात तसं बाहेर मरण असतंच. पण आठ पावलं आणि १२० किलोमीटर यांतलं अंतर मटणानं भरून निघत नाही.

‘मग सगळे सोडून द्या’ म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. हाती वाढलेलं, माणसाला सरावलेलं जनावर जंगलात सोडलं तर ते उपाशी मरेल किंवा गावात शिरेल. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले कितीतरी बिबटे आता परत जाऊच शकत नाहीत. त्यांना जागा लागणारच, आणि ती चांगली लागणार.

नामशेष होण्याबद्दल थोडक्यात. अरबी ओरिक्स हा वाळवंटातला हरणासारखा प्राणी १९७२ मध्ये जंगलातून संपला होता. बंदिवासात वाढवलेल्या कळपातून १९८२ मध्ये तो ओमानच्या वाळवंटात परतला. ओडिशाच्या नंदनकाननमध्ये १९८० मध्ये बंदिवासात सुसरींची पैदास झाली. हे मोठं काम आहे. पण ज्याच्या पिंजऱ्याशी सगळ्यांत जास्त गर्दी होते तो पांढरा वाघ? ती वेगळी जात नाही, रंगाचा दोष आहे. १९५१ मध्ये रेव्याच्या महाराजांनी पकडलेल्या मोहनला त्याच्याच मुलीशी, राधाशी, जुळवून ही पैदास सुरू झाली. या वाघांत तिरळेपणा वारंवार दिसतो. यातून एकाही जंगलाला वाघ मिळालेला नाही.

राहिली मुलांची माया. त्या बिबट्यासमोर माझी सात वर्षांची भाची माझ्याबरोबर होती. शेजारी एक बाबा जाळीवर किल्ली आपटून ‘ए, इकडे बघ’ करत होते. प्राण्यांना असं छेडणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, मी त्यांना तसं सांगितलंही. ते हसून पुढे गेले. भाची मात्र जागची हलली नाही. बोटांवर मोजत होती. मग म्हणाली, “आत्या, हा सारखा तिथेच का वळतो?”

तेवढ्यात कीपर आला. त्यानं मागच्या बाजूनं पोकळ ओंडक्यात मांसाचे तुकडे कोंबले, दोन तुकडे मचाणावर टाकले आणि दार वर ओढलं. बिबट्या थांबला. नाक वर केलं, ओंडक्याभोवती दोनदा फिरला, पंजा आत घातला, मग दुसऱ्या टोकानं प्रयत्न केला. चांगली वीस मिनिटं तो त्या झिजलेल्या वाटेवर गेला नाही. “रोज करता येत नाही ताई,” कीपर म्हणाला, “माझ्याकडे असे अकरा आहेत.”