जमीन कोणाच्या नावावर आणि निर्णय कोणाच्या हातात

फिनिक्समधल्या कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात फिजी बेटांवरून आलेलं बाटलीबंद पाणी मिळतं. चौकोनी बाटली, त्यावर जास्वंदीचं फूल. सुमारे नऊ हजार किलोमीटरचा समुद्र ओलांडून ते वाळवंटात येतं आणि लोक ते घेतात. याच फिनिक्सहून गाडीनं तीनेक तास उत्तरेला गेलं की नवाहो राष्ट्राची, म्हणजे नवाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या मुलखाची, हद्द लागते. तिथं साधारण तीनातल्या एका घरात नळ नाही.

भारतातून कोणी आलं की आम्हा अ‍ॅरिझोनाकरांची एक फेरी ठरलेली असते. ग्रँड कॅन्यन, अँटिलोप कॅन्यन, मॉन्युमेंट व्हॅली. यातल्या शेवटच्या दोन जागा नवाहोंच्या जमिनीवर आहेत, हे बऱ्याच जणांना तिथं पोचल्यावर कळतं. मध्यंतरी अशाच एका फेरीत आमच्यासोबत एक काका होते, त्याआधी फिजीला जाऊन आलेले. रस्त्याकडेची ट्रेलरची, म्हणजे ओढून आणून ठेवलेली तयार, घरं बघून ते म्हणाले, "सरकार एवढं फुकट देतं, तरी हे लोक असेच राहतात. फिजीवाले बघा, बेटावर राहून कसे आनंदात असतात. शेवटी वृत्तीवर असतं गं सगळं."

काका मनानं चांगले आहेत. पण असं बोलणं मी आपल्या लोकांत फार ऐकते, आणि ते मला मुळीच पटत नाही. वृत्तीचं कारण मला या दोन्ही समाजांत कुठं सापडत नाही. मला कारण दिसतं ते एवढंच, की जमीन कोणाच्या नावावर राहिली आणि तिच्याबद्दल कोण ठरवत आलं.

आधी नवाहोंचं बघू. त्यांचं राष्ट्र अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलंय, सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर. म्हणजे अख्ख्या फिजीच्या जवळजवळ चौपट. माणसं मात्र पावणेदोन लाखांच्या आत-बाहेर. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्यानं त्यांची शेतं आणि पीचची झाडं उद्ध्वस्त केली आणि हजारो लोकांना शेकडो किलोमीटर चालवत फोर्ट समनरला नेऊन डांबलं. वाटेत आणि छावणीत खूप माणसं मेली. १८६८ च्या तहानं ते आपल्या मुलखात परत आले. असं परतायला मिळालेल्या जमाती अमेरिकेत थोड्याच, म्हणून नवाहोंना या तहाचं मोल मोठं आहे. पण परत मिळालेल्या जमिनीची कायदेशीर मालकी अमेरिकी सरकारकडे गेली. सरकार विश्वस्त, नवाहो लाभार्थी. आजही तसंच आहे.

याचा रोजच्या जगण्यात अर्थ काय, ते सांगते. स्वतःच्याच पूर्वजांच्या जमिनीवर घर बांधायचं तर आधी भाडेपट्टा मिळवावा लागतो. तिथं ज्याच्याकडे चराईचा परवाना आहे त्याची संमती, पुरातत्त्वाची पाहणी, पर्यावरणाची पाहणी, मग सह्या. यात वर्षं जातात. जमीन विश्वस्ताच्या नावावर असल्यामुळे बँक ती सहजी तारण धरत नाही. म्हणून लोक रोखीनं येईल ते, म्हणजे ट्रेलर, आणून उभं करतात. काकांना दिसलेली घरं ही अशी आलेली आहेत. आणि 'फुकट' म्हणतात त्याबद्दल, ते फुकट नाही. सोडून दिलेल्या प्रचंड मुलखाच्या बदल्यात तहानं कबूल केलेली ती देणी आहेत, आणि तीही पुरती चुकवलेली नाहीत.

पश्चिम भागात तर याहून वाईट झालं. नवाहो आणि शेजारची होपी जमात यांच्यात जमिनीचा वाद होता म्हणून १९६६ मध्ये मूळ अमेरिकनांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या आयुक्तांनी सुमारे १५ लाख एकरांवर नवीन बांधकामच थांबवलं. घर वाढवायचं नाही, गळकं छप्परही परवानगीशिवाय दुरुस्त करायचं नाही. ही बंदी कायमची उठली २००९ मध्ये. नातवंडं झाली तरी लोकांनी वीज-पाण्याची वाट पाहिली. त्यांना आळशी कुठल्या तोंडानं म्हणायचं?

मेंढ्यांची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. नवाहो घरात मेंढ्या हेच धन. आईकडून मुलीकडे जाणारं, बाईच्या हातातलं. लोकर कातायची, विणायची, संकटात विकायची. १९३० च्या दशकात सरकारनं ठरवलं की चराई फार होते, माती वाहून जाते आणि कोलोरॅडो नदीवर बांधलेल्या नव्या धरणात गाळ साचेल. मग कळप जवळपास निम्मे केले. कित्येक ठिकाणी मेंढ्या गोळ्या घालून मारल्या आणि तिथंच कुजू दिल्या. त्यांच्या मालकिणी उभ्या राहून बघत होत्या. जमिनीची धूप खरी होती, मी ती नाकारत नाही. पण ज्यांचा संसार त्यावर होता त्यांना विचारलंही गेलं नाही.

पुढे कोळसा आला. ब्लॅक मेसा या पठारावरच्या कोळशाच्या १९६४ च्या करारात नवाहोंना टनामागे जास्तीत जास्त साडेसदतीस सेंट मिळणार होते. १९८० च्या दशकात दर सुधारायची वेळ आली तेव्हा कोळशाच्या किमतीच्या वीस टक्क्यांचा आकडा ठरत आला होता. १९८५ मध्ये खाण कंपनीचा माणूस इंटिरिअर खात्याच्या, म्हणजे जमातींच्या जमिनींचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या, मंत्र्यांना एकांतात भेटला. नवाहोंना त्याचा पत्ता नव्हता. निर्णय अडकून राहिला आणि पैशाची निकड असलेल्या नवाहोंनी साडेबारा टक्क्यांवर सही केली. ते कोर्टात गेले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुकसानभरपाईसाठी सरकारला जबाबदार धरता येत नाही. विश्वस्त म्हणवणाऱ्यानं पाठीमागून असं केलं तर घर कसं उभं राहायचं?

त्या कोळशानं काय केलं हेही ऐका. पेज या गावाजवळच्या वीज केंद्रात तो जळायचा आणि त्या विजेवर कोलोरॅडोचं पाणी ५०० किलोमीटरहून लांबच्या कालव्यातून उपसत फिनिक्स-टुसॉनपर्यंत यायचं. माझ्या घरचा नळ, शेजारच्यांचा पोहण्याचा तलाव, सगळं त्यातलंच. दुसऱ्या बाजूला ब्लॅक मेसाखालचं जमिनीतलं स्वच्छ, पिण्यालायक पाणी उपसून त्यात कोळशाची भुकटी कालवली जायची आणि ती पाइपलाइननं नेवाडातल्या वीज केंद्राला पाठवली जायची. हे २००५ पर्यंत चाललं. पेजचं केंद्र २०१९ मध्ये बंद झालं, नोकऱ्या गेल्या. युरेनियमचं तर विचारूच नका. १९४४ ते १९८६ या काळात जवळपास तीन कोटी टन खनिज काढलं आणि पाचशेहून अधिक खाणी उघड्या टाकून दिल्या. कॅन्सर आणि किडनीचे आजार अजून निस्तरतायत.

पाणी भरणं मी जवळून पाहिलंय. पिकअपच्या मागे लोखंडी पिंजऱ्यातली पांढरी चौकोनी टाकी, हजारेक लिटरची. चॅप्टर हाऊसजवळच्या नळावर रांग. चॅप्टर म्हणजे तिथली स्थानिक पंचायत म्हणा. टाकी भरली की परत कच्च्या रस्त्यानं घरी. पाऊस झाला तर चिखलात चाक रुततं, थंडीत नळ गोठतो. पेट्रोलचा हिशोब केला तर हे पाणी शहरातल्या पाण्याहून कैकपट महाग पडतं. २०२० च्या मे महिन्यात दरडोई कोविड रुग्णांत नवाहो राष्ट्रानं न्यूयॉर्क राज्यालाही मागे टाकलं. सगळं जग वीस सेकंद हात धुवा सांगत होतं आणि इथं एका बादलीत चार जण भागवत होते.

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की १८६८ च्या तहानुसार नवाहोंसाठी पाणी मिळवून देण्याचं काम अमेरिकी सरकारवर बंधनकारक नाही. तहानं जमीन दिली, त्या जमिनीवर जगायला पाणी लागतं, पण ते मिळवून देणं सरकारचं काम नव्हे. मला हा निर्णय चूक वाटतो, आणि मी तसं उघड म्हणते.

आता फिजी. १८७४ मध्ये थाकोंबाऊ आणि इतर सरदारांनी बेटं ब्रिटनच्या स्वाधीन केली. पुढच्याच वर्षी गोवराच्या साथीत लोकसंख्येचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक गेला. अशा वेळी गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांनी मूळ फिजीयनांची, म्हणजे ईतौकेईंची, जमीन विकायला बंदी केली. आजही देशातली नव्वद टक्क्यांच्या आसपास जमीन ईतौकेई कुळांच्या सामाईक मालकीची आहे. विकता येत नाही, फक्त भाड्यानं देता येते. १९७० मध्ये देश स्वतंत्र झाला. फिजीचं दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, पण पिण्याच्या पाण्याची बऱ्यापैकी सोय नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना आहे. गावात गेलात तर कसाव्याचा, दालोचा (अळूच्या कंदाचा) मळा घराला लागून. मासे समुद्रातून. नोकरी गेली तर गावाकडे परतायला जमीन आहे. समुद्र चढायला लागला तेव्हा वुनिदोगोलोआ हे गाव २०१४ मध्ये आपल्याच कुळाच्या उंचावरच्या जमिनीवर सरकलं. आणि हवामानबदलावर त्यांचा पंतप्रधान जागतिक परिषदेचं अध्यक्षपद भूषवतो, २०१७ मध्ये तसं झालं. नवाहोंच्या अध्यक्षांना मात्र पाण्याच्या पाइपासाठी वॉशिंग्टनच्या खेपा घालाव्या लागतात.

पण काकांना दिसलेला आनंद रिसॉर्टच्या कुंपणाच्या आतला होता. २०१९-२० च्या पाहणीत फिजीतल्या गरिबांपैकी सुमारे पंचाहत्तर टक्के ईतौकेई निघाले. लोकसंख्येत त्यांचं प्रमाण बासष्टच्या आसपास. ही वंशवार आकडेवारी प्रसिद्ध झाली तेव्हा २०२१ मध्ये सांख्यिकी विभागाच्या प्रमुखांनाच काढून टाकलं गेलं. देशाची जवळपास सगळी जमीन ज्यांची, तेच सर्वांत गरीब. हे का? गॉर्डनसाहेबांच्या व्यवस्थेनं जमीन राखली, पण माणसालाही गावाला आणि सरदाराला बांधून ठेवलं. साध्या ईतौकेईला मतदानाचा हक्क १९६३ पर्यंत नव्हता. (अ‍ॅरिझोनात नवाहोंना तो १९४८ मध्ये मिळाला, तोही कोर्टात जाऊन.) भाडेपट्ट्याचा व्यवहार ईतौकेईंच्या जमिनी सांभाळणारं मंडळ करतं, आणि भाड्याचा मोठा वाटा वर्षानुवर्षं सरदारांकडे जात होता. जमीन असूनही हातात पैसा खेळला नाही.

आणि जमीन राखली ती कोणाच्या जिवावर? ईतौकेईंना मळ्यात राबवायचं नाही असं ठरल्यावर ऊस तोडायला माणसं हवी होती. १८७९ मध्ये लिओनिडास जहाज पहिले गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, घेऊन आलं. १९१६ पर्यंत भारतातून साठ हजारांहून अधिक आले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे आणि मग मद्रासकडचे. पाच वर्षांचा करार, कोंदट बराकी, फटके, आत्महत्या. आपले गोपाळ कृष्ण गोखले या पद्धतीविरुद्ध केंद्रीय कायदेमंडळात उभे राहिले. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत मजूर पाठवणं थांबवायचा त्यांचा ठराव मान्य झाला. १९१२ मध्ये सगळीच गिरमिट बंद करा म्हणून आणलेला ठराव मात्र पडला. गोखले १९१५ मध्ये गेले. गिरमिट १९२० मध्ये संपली.

त्या मजुरांची पणतवंडं आजही ऊस लावतात, दुसऱ्याच्या जमिनीवर, तीस वर्षांच्या पट्ट्यावर. गळीत हंगामात लौटोका शहरातल्या साखर कारखान्याबाहेर ट्रकांची रांग बघितली तेव्हा मला आपलं सांगली-कोल्हापूर आठवलं. ट्रकच्या सावलीत बसलेले एक आजोबा फिजी हिंदीत बोलत होते. त्यांच्या भावाचा पट्टा संपला आणि वाढवून मिळाला नाही. घर स्वतः बांधलेलं, आंबे स्वतः लावलेले, सगळं सोडून तो नांदी शहराबाहेरच्या झोपडवस्तीत गेला, आणि मुलं पुढे ऑकलंडला. १९९७ पासून असे हजारो पट्टे संपले. १९८७ आणि २००० च्या सत्तापालटांनी भीती घातली ती वेगळीच. एके काळी देशात निम्मे असलेले भारतवंशी आता एक तृतीयांशाच्या आसपास उरलेत. १९८७ मध्ये सत्ता उलथवणारे राबुका २०२३ मध्ये पंतप्रधान म्हणून जाहीर माफी मागतात आणि गिरमिट दिनाची सुट्टी देतात, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण सुट्टीनं पट्टा लांबत नाही.

या दोन समाजांना एका तराजूत घालून कोण सुखी ते ठरवणं मला नको आहे. मधुमेह दोघांच्याही घरात शिरलाय. नवाहोंकडे सरकारी शिध्यातल्या मैदा-चरबीच्या वाटेनं, फिजीत पांढरा तांदूळ, नूडल्स आणि डब्यातल्या मांसाच्या वाटेनं. तरुण दोन्हीकडून बाहेर पडतायत. फरक एवढाच की ईतौकेई माणूस आपल्याच देशाच्या सरकारशी भांडतो आणि निवडणुकीत ते बदलू शकतो. नवाहोला अशा अमेरिकी संसदेकडे, म्हणजे काँग्रेसकडे, जावं लागतं जिथं त्याचं मत समुद्रात थेंब. २०२४ मध्ये नवाहो, होपी आणि सॅन हुआन सदर्न पायूट या तीन जमातींनी पाणीवाटपाच्या मोठ्या करारावर सहमती केली. पाइपलाइनींसाठी पाच अब्ज डॉलर लागणार आहेत, आणि काँग्रेसच्या मंजुरीशिवाय त्यातला एक सेंटही येत नाही.

अ‍ॅरिझोनात मतदान करणाऱ्या मराठी मंडळींनो, निवडणुकीच्या वेळी आपले खासदार दारात येतात, मंदिरात येतात, दिवाळीला येतात. त्यांना या कराराबद्दल तुमची भूमिका काय, असं विचारा. आपण त्याच कालव्याचं पाणी पितो, त्यामुळे हा प्रश्न आपलाही आहे. आणि ऑकलंड-सिडनीत राहणाऱ्यांनो, तुमच्या शेजारी फिजीहून आलेली कुटुंबं आहेत. मागे राहिलेल्या शेतकऱ्यांना पट्ट्याची लांब मुदत, आणि मुदत संपल्यावर बांधलेल्या घराचा रास्त मोबदला मिळावा, ही मागणी ते पुष्कळ वर्षं करतायत. ईतौकेई कुळांची मालकी तसूभर न हलवता हे करता येईल, कारण पट्टा कितीही लांब असला तरी मालक तेच राहतात.